हुंगलेलं फूल

मंगळवारी दुपारी देवघरातलं निर्माल्य काढताना जास्वंदीचा पराग पांढऱ्या कुर्त्यावर सांडला. मी घाईत ओल्या बोटाने चोळला. झालं, हळदीचं बोट पुसल्यासारखा डाग बसला. ठाण्याच्या नौपाड्यातली आजी लहानपणीच सांगून गेली होती, "चोळू नकोस गं, फुंकर मार." आम्ही ऐकू तर ना!

चाळीच्या मागे विहीर होती आणि तिच्या कठड्यावर ओणवलेली लाल जास्वंद. सकाळी फुलं आणायचं काम माझं. येता येता मधला तुरा नाकाला लावायचा माझा चाळा. दारातच आजी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची.

"हुंगलंस ना? आता हे देवाला चालायचं नाही."

"आजी, जास्वंदीला वास कुठे असतो?"

"मग नाकाचा शेंडा पिवळा कशाने झाला?"

यावर उत्तर नसायचं. ते फूल माझ्या वेणीत जायचं, म्हणजे तसा तोटा काहीच नव्हता.

आजीची ही विद्या पुढे मला भलत्याच ठिकाणी भेटली. लेनार्ट फॉन पोस्ट नावाच्या स्वीडिश माणसाने १९१६ साली आजच्या ऑस्लोत एक व्याख्यान दिलं. दलदलीतल्या गाळाचे थर घ्यायचे, प्रत्येक थरातले परागकण मोजायचे आणि कुठल्या काळात कुठली झाडं वाढली, कुठली हटली ते सांगायचं. झाडांवरून मग हवा गार होती की उबदार, कोरडी की ओली. थोडक्यात, जमिनीची हनुवटी धरून नाक बघायचं. आपल्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी लखनौला जुन्या, जीवाश्म झालेल्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी संस्था काढली. १९४९च्या एप्रिलमध्ये नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. संस्था मात्र पुढे त्यांच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी नेटाने चालवली.

परागाचं कवच मोठं चिवट. गाळातली वाळू विरघळवायला काच खाणारं आम्ल ओततात, वाळू जाते, कण शाबूत राहतो. हवा लागली नाही तर हजारो वर्षं टिकतो. जमिनीत खूप आत कुठे तिवराचा पराग सापडला, तर समजायचं की खारं पाणी कधीकाळी तिथवर येत होतं. कोपरीच्या खाडीकाठची तिवरं बघताना हे हटकून आठवतं.

पण या दप्तरात एक अन्याय आहे. वाऱ्यावर उधळणाऱ्यांची नोंद भरपूर. गवतं, पाइन, असले सगळे ढिगाने परागकण सोडतात आणि कुठल्या कुठे जाऊन पडतात. जास्वंदीचा कण जाडा, काटेरी, चिकट. एखाद्या पाखराच्या अंगाला नाहीतर पोरीच्या नाकाला लागेल तेवढाच. तो उडून मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीपर्यंत कशाला जाईल? उद्या कोणी मासुंद्याच्या तळात नळी घालून गाळ उपसला, तर तो म्हणेल, इथे गवत होतं. नौपाड्यातल्या जास्वंदीचा त्याला पत्ताच लागायचा नाही. शिवाय तलावातला गाळ मधूनमधून काढतात. स्वच्छतेला ते बरं, पण मला आपलं उगाच कोणी वहीची पानं फाडल्यासारखं वाटतं.

कुर्त्यावर संध्याकाळी चिकटपट्टी लावून पाहिली. थोडं निघालं, बाकीचं राहिलं. आता तो घरात घालायचा.

चाळ पाडली तेव्हा विहीरही बुजवली. वर आता पार्किंग आहे. परवा तिथे रिक्षातून उतरले आणि एकदम लक्षात आलं, आमची जास्वंद तर विहिरीवरच ओणवलेली असायची. न तोडलेली सगळी फुलं थेट पाण्यातच पडायची.