चिकणमातीचा भ्रंश: घसरडा असला तरी निर्धोक नाही

भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू सरकू शकतात. या बाजू एकमेकींवर घासल्या की मधे खडकाचा बारीक चुरा साचतो. भूकंप कसा होईल हे पुष्कळदा या चुऱ्यात कोणतं खनिज आहे त्यावर ठरतं. ग्रॅनाइट, बेसाल्ट, वाळूचा खडक असे बहुतेक खडक घ्या, घर्षण गुणांक (दाबून धरणाऱ्या भाराच्या किती पट जोर सरकवायला लागतो ते सांगणारा आकडा) ०.६ ते ०.८५ च्या दरम्यानच येतो. चिकणमातीची खनिजं मात्र या नियमात बसत नाहीत. ओलं मॉन्टमोरिलोनाइट ०.१ ते ०.२ वर येतं, इलाइट ०.३ ते ०.४ च्या आसपास राहतं.

पण घर्षण हा निम्माच हिशोब झाला, उरलेला निम्मा पाण्याच्या दाबाचा. भ्रंशावर १०० मेगापास्कल (दाबाचं एकक) भार आहे आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब ४० आहे असं समजा. खडकांना एकमेकांवर प्रत्यक्ष दाबून धरणारा भार उरला ६०. गुणांक ०.६ असेल तर भ्रंश हलवायला ३६ मेगापास्कल लागतील, ०.१५ असेल तर फक्त ९. आता चिकणमातीने पाणी कोंडून दाब ८० वर नेला, तर ३ मेगापास्कल पुरतात. माती दोन्ही बाजूंनी काम करते: स्वतः घसरडी असते आणि पाणी बाहेर पडू देत नाही.

मग मातीचा भ्रंश हळूहळू सरकत राहील, मोठा भूकंप करणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास भ्रंशात सुमारे २.७ किलोमीटर खोल विहीर खणली, तेव्हा तसंच दिसलं. सरकणाऱ्या पट्ट्यांत सॅपोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर होतं आणि त्याचा गुणांक ०.१५ च्या घरात होता. वेग वाढवला की या मातीचा प्रतिकारही वाढतो, त्यामुळे सरकणं आपोआप आवरलं जातं. विशेष म्हणजे तिथे पाण्याचा दाब वाजवीपेक्षा जास्त आढळला नाही. दुबळेपणा खनिजाचाच होता.

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला नेमकं उलट घडलं. तोहोकू भूकंपात समुद्रतळावरच्या खोल खंदकाजवळचा, भ्रंशाचा उथळ भाग सुमारे ५० मीटर सरकला आणि त्यामुळेच त्सुनामी इतकी भयंकर झाली. पुढच्या वर्षी ‘चिक्यू’ जहाजावरून जवळपास ६,९०० मीटर पाण्याखाली छिद्र पाडलं. समुद्रतळाखाली सुमारे ८२० मीटरवर भ्रंश सापडला: जाडी ५ मीटरपेक्षा कमी, आणि त्यात जवळजवळ ७८ टक्के स्मेक्टाइट (मॉन्टमोरिलोनाइट, सॅपोनाइट ज्यात येतात तो चिकणमातीच्या खनिजांचा गट). भ्रंशात उरलेली उष्णता मोजली तर आसपासपेक्षा फक्त ०.३१ अंश सेल्सिअस जास्त निघाली. त्यावरून घसरतानाचा गुणांक सुमारे ०.०८ येतो. एवढ्या वेगात घर्षणाच्या उष्णतेने पाणी फुगतं, माती त्याला वाट देत नाही, दाब चढतो आणि प्रतिकार कोसळतो. म्हणजे जी माती संथ वेगात ब्रेक लावते, तीच वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ब्रेक सोडून देते.

कोयनेचं प्रकरण वेगळं आहे. तिथले भूकंप बेसाल्टखालच्या ग्रॅनाइट-नाइस या कठीण खडकात होतात, चिकणमातीत नाही, आणि चर्चा मुख्यतः जलाशयामुळे वाढणाऱ्या छिद्रदाबाची असते.

प्रयोगशाळेत मातीचा गुणांक मोजताना सगळ्यात जास्त घोळ ओलाव्याचा होतो. स्मेक्टाइटच्या थरांमधलं अंतर कोरडेपणी सुमारे १ नॅनोमीटर असतं. पाण्याचा एक थर आत शिरला की १.२५, दोन शिरले की १.५ च्या आसपास. पूर्ण कोरड्या नमुन्याचा गुणांक ०.६ च्या जवळ जातो. भट्टीतून काढून उघड्यावर ठेवला तर तो हवेतला ओलावा शोषतो आणि आकडा मधेच कुठेतरी लटकतो. क्ष-किरण तपासणीत स्मेक्टाइट ओळखायचं असेल तर इथिलीन ग्लायकॉल द्यावं, थरांमधलं अंतर दाखवणारं आलेखातलं शिखर १.७ नॅनोमीटरवर सरकलं की खूण पटते.

दुसरी चूक दाबमापकाची. तो नमुन्याबाहेर बसवलेला असतो. मातीची पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) फारच कमी, १०⁻²⁰ चौरस मीटरच्या घरातली असली, तर एक मिलिमीटरच्या थरातलाही दाब समान व्हायला मिनिटं लागतात. घाईने कातरलं (म्हणजे थराच्या दोन बाजू उलट दिशांना सरकवल्या) आणि थर आकसला की आतला दाब वाढतो, मापकाचा काटा मात्र जागचा हलत नाही. गुणांक मग खोटाच कमी येतो. थर फुगला तर उलट, प्रतिकार वाढल्यासारखा दिसतो. म्हणून अशा मातीचा कोणताही आकडा वाचताना आधी तीन गोष्टी पाहाव्यात: नमुना किती ओला होता, कातरण्याचा वेग किती होता आणि दाब कुठे मोजला.