४३ बाथरूमचं घर आणि मित्राच्या गॅरेजमधले दोन ड्रम

मित्र गेली तीन वर्षं मागे लागलाय की अरे अ‍ॅशव्हिलला ये, डोंगर बघ, आणि आम्ही आपले त्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रालेत बसून "या फॉलला, पानं रंगतात तेव्हा, नक्की" करत होतो. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी हाफ डे टाकला आणि निघालो. साधारण चारशे किलोमीटर, चार तास, त्यातले पहिले तीन नुसते झोप आणणारे. ओल्ड फोर्ट गाव मागे पडलं की मात्र आय-फोर्टी हायवे एकदम चढायला लागतो, ट्रक धापा टाकत कडेच्या लेनमधून, उतरणाऱ्या बाजूला ब्रेक गेलेच तर घुसायला खडीचे रॅम्प, बायको म्हणाली हा तर बोरघाट, फक्त चिक्कीवाले नाहीत.

पोचलो तेव्हा वहिनींचं थालीपीठ तव्यावर होतं. बॅगा ठेवायला गॅरेजमधे गेलो तर कोपऱ्यात दोन मोठे निळे ड्रम, काठोकाठ भरलेले, झाकणावर प्लास्टिकचा मग. म्हटलं काय रे, सांगली सुटली नाही वाटतं अजून? तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी बिल्टमोर, म्हणजे इथलं ते प्रसिद्ध अवाढव्य जुनं घर. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर, बघून पोटात गोळा आला पण मित्राने आधीच काढून ठेवली होती आणि पैसे घेईना. गेटमधून आत गेल्यावर घर दिसतच नाही, तीन मैल नुसती झाडी, वळणं, ओढे, आणि हे सगळं जंगल माणसाने मुद्दाम लावलेलं आहे बरं का. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणारा ओल्मस्टेड, त्याचंच हे डिझाइन. जमीन तेव्हा शेती करून करून पार निकामी झालेली, त्याने सांगितलं घराजवळ छोटंसं पार्क करा, बाकी बरंचसं जंगल लावा. मग एकदम शेवटचं वळण आणि समोर फ्रान्समधून उचलून आणल्यासारखा राजवाडा. तोंडातून "आयला" निघून गेलं, शेजारी पोरं होती तरी.

२५० खोल्या, ३५ बेडरूम, ६५ फायरप्लेस, ४३ बाथरूम. बांधणारा जॉर्ज व्हँडरबिल्ट, आजोबांनी जहाजं आणि रेल्वेत अफाट कमावलेलं. १८८९ ला काम सुरू झालं, सामान आणायला खास तीन मैलांची रेल्वेलाइन टाकली, विटांची भट्टी जागेवरच, दिवसाला ३२ हजार विटा. १८९५ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी घर खुलं केलं. आणि गंमत म्हणजे तेव्हा हा पठ्ठ्या अविवाहित, लग्न तीन वर्षांनी केलं. आपल्याकडे लग्नाआधी माणूस वन बीएचकेचा ईएमआय झेपतो का बघतो!

वरचे मजले मी खरं सांगायचं तर भराभर उरकले. जेवणाच्या हॉलचं छत ७० फूट वर, जिन्यात चार मजले लोंबणारं साडेसातशे किलोच्या वरचं झुंबर, लायब्ररीत दहा हजारांवर पुस्तकं आणि छताला व्हेनिसच्या एका महालातून आणलेलं पेंटिंग. मान दुखायला लागली. कानात ऑडिओ गाइड अखंड चालू. एक गोष्ट आवडली, दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने इथे आणून लपवली होती.

खरी मजा तळघरात. स्वैपाकघर एक नाही, भट्टीवर मांस भाजायचं वेगळं, पेस्ट्रीचं वेगळं. लाँड्रीत कपडे वाळवायला भिंतीतून बाहेर ओढता येतील अशा उंच जाळ्या, खालून गरम हवा. नोकर मुलींच्या खोल्या एका खाटेच्या पण नीटनेटक्या, आमच्या हॉस्टेलपेक्षा बऱ्याच. आणि मग स्विमिंग पूल. आता कोरडा आहे, पांढऱ्या टाइलचा खड्डा, वर टाइलचीच गोल कमान, पाण्याखाली दिवे (१८९५ मधे!), कडेने दोरखंड सोडलेले, पोहता न येणाऱ्यांनी धरायला. क्षमता ७० हजार गॅलन, म्हणजे अडीच लाख लिटरच्या वर, आणि क्लोरीन फिल्टर काही नाही, पाणी खराब झालं की सोडून द्यायचं आणि पुन्हा भरायचं.

तिथे मित्र कठड्याला टेकून उभा राहिला आणि ड्रमचं सांगायला लागला. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन चक्रीवादळ आलं तेव्हा शहराला पाणी देणाऱ्या पाइपलाइनच वाहून गेल्या. सुरुवातीचे काही आठवडे नळाला थेंब नाही. घरामागच्या ओढ्यातून बादल्या भरून आणायच्या, त्या टॉयलेटमधे ओतायच्या. पिण्यालायक पाणी नळाला यायला ५३ दिवस लागले. "लहानपणी टँकरमागे पळालो तेवढं अमेरिकेत पळेन असं वाटलं नव्हतं," म्हणाला. वहिनी म्हणाल्या, पहिली भरपूर पाण्याने अंघोळ केली तेव्हा मी आत रडले हो. मी परत त्या दोरखंडांकडे बघत बसलो. खाली नदीकाठचं बिल्टमोर व्हिलेज पुरात बुडालं होतं, हे घर टेकडीवर, शाबूत.

मागच्या गच्चीवरून समोर पिझगा डोंगर दिसतो. एकेकाळी सव्वा लाख एकर या व्हँडरबिल्टचं, म्हणजे तो डोंगरसुद्धा. १९१४ ला अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर जॉर्ज गेला, बायकोने ८६ हजारांवर एकर सरकारला एकरी पाचेक डॉलरने विकलं, त्याचंच आता पिझगा नॅशनल फॉरेस्ट. पानं नुकती लाल व्हायला लागली होती, फोटो काढले, एकही धड आला नाही.

रविवारी सकाळी निघायच्या आधी मित्र गॅरेजबाहेर ड्रम आडवे करून पाणी झाडांना सोडत होता, दर महिन्याला बदलतो म्हणे. पाइप मी धरला. दुसरा ड्रम भरायला वीस मिनिटं लागली, तोवर वहिनींनी वाटेसाठी थालीपिठांचा डबा आणून गाडीत ठेवला.