टोरांटोच्या रस्त्यावर पोलिसांऐवजी कोण येतं?

आणीबाणीला ९११ फिरवायचा, हे इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळतं. मानसिक संकटातल्या माणसाकडे पोलिसांऐवजी मदतीचं पथक बोलवायचा नंबर, २११, मात्र बऱ्याच मराठी घरांत अजून कुणाला ठाऊक नाही. डाउनटाउनमध्ये नोकरी असेल तर तो ठाऊक असायलाच हवा. युनियन स्टेशनातून बाहेर पडून ऑफिस गाठेपर्यंत फुटपाथवरच्या गरम हवेच्या जाळीवर झोपलेला, सिग्नलपाशी एकटाच भांडणारा किंवा बाकावर मान टाकून बसलेला कुणी ना कुणी रोज दिसतोच.

उन्हाळ्यात मामा-मामी आले होते. सीएन टॉवर बघून परतताना मामांनी विचारलं, "काय रे, इथलं सरकार यांना काही देत नाही?" देतं ना. काम नसलेल्या एकट्या माणसाला ओंटारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, महिन्याला जास्तीत जास्त ७३३ डॉलर मिळतात, आणि २०१८ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. तेवढ्यात शहराच्या कडेला स्कारबरोत तळघरातली एखादी खोली मिळालीच, तर खायचं काय, हा प्रश्न उरतोच. २०२४ च्या पाहणीत शहरातल्या बेघरांची संख्या पंधरा हजारांच्या वर गेली. २०२१ च्या दुपटीहून जास्त! हे सगळे व्यसनी किंवा मनोरुग्ण आहेत, अशी समजूत आपल्या लोकांत फार आहे. पण २०२३ च्या जुलैत पीटर स्ट्रीटवरच्या शहराच्या निवारा केंद्राबाहेर रात्र-रात्र फुटपाथवर झोपलेले लोक आफ्रिकेतून आलेले निर्वासित होते. कामधंदा शोधायला निघालेली धडधाकट माणसं. शेवटी चर्चनी दारं उघडली तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर आलं.

पण मला सांगायचंय ते २११ बद्दल. या नंबरवरून 'टोरांटो कम्युनिटी क्रायसिस सर्व्हिस' नावाची सेवा मिळते. मार्च २०२२ मध्ये ती शहराच्या काही भागांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २०२४ पर्यंत सगळ्या शहरात पोचली. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्या पंगतीत महापालिकेने तिला चौथं पान मांडलं. सोळा वर्षांपुढच्या कुणासाठीही, चोवीस तास. ९११ ला फोन केला तरी प्रसंग बघून तो इकडे वळवतात. काम स्थानिक संस्थांकडे आहे. डाउनटाउनच्या पूर्व भागात गर्स्टीन सेंटर आहे, जे १९८९ पासून याच कामात आहे. पश्चिमेकडे कॅनडाच्या मूळनिवासी समाजाची संस्था हे काम बघते.

याची गरज का पडली, ते २०२० आठवलं की कळतं. त्या वर्षी जूनमध्ये शेजारच्या मिसिसागात स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्या बासष्ट वर्षांच्या पाकिस्तानी वंशाच्या गृहस्थांना पोलिसांनी त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या. घरच्यांनी फोन केला होता तो मदतीसाठी. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या प्रत्येक देशी घरात हाच विषय होता. घरात असं कुणी असेल तर फोन करायचा की नाही?

जानेवारीत डाउनटाउनमध्ये स्पडायना रस्त्यावरच्या स्ट्रीटकारच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यावर एक माणूस अनवाणी उभा राहून काचेवर हात आपटत होता. तापमान उणे बारा. मी २११ लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं: तो शुद्धीत आहे का, रक्त दिसतंय का, हातात काही आहे का, तो कुणाच्या अंगावर जातोय का, कपडे कोणते? मग एक प्रश्न आला, ज्याची माझी तयारी नव्हती: "तुम्ही त्याच्याशी बोललात का?" नव्हतो बोललो.

थोड्या वेळाने दोघं आली, एक बाई आणि एक तरुण. गणवेश नाही, सायरन नाही, साधी जॅकेटं आणि पाठीला सॅक. बाईंनी लांबूनच आपलं नाव सांगितलं आणि "इथे बसू का?" असं विचारलं. तो "नाही" म्हणाला, तशा त्या चार पावलं मागे सरकून तिथे उकिडव्या बसल्या. तरुण तर आणखी मागे, दिसेल न दिसेल असा. मग बराच वेळ काहीच घडलं नाही. मला वाटलं, हे काय काम झालं? पण काचेवरचा हात हळूहळू थांबला. सॅकमधून मोजे निघाले, ज्यूसचं खोकं निघालं. मोजे त्याने घेतले आणि हातांत घातले. दुसरी जोडी पुढे झाली, ती पायांत गेली. त्यांच्याबरोबर जायला मात्र तो तयार झाला नाही. त्यांनी एक कार्ड दिलं, "उद्या पुन्हा येऊ" म्हणाल्या आणि निघाल्या.

हे मला पटलं का? अर्धं. उणे बारात "नाही" म्हणणाऱ्याचा नकार खरा मानायचा का, हा माझा त्यांच्याशी मनातल्या मनात चाललेला वाद आहे. ओंटारियोच्या कायद्यात डॉक्टर माणसाला तपासणीसाठी ७२ तास ठेवून घेण्याचा आदेश काढू शकतो, आणि धरून न्यायचा अधिकार पोलिसांना आहे. या पथकाला नाही, आणि तो नसणं हेच त्याचं भांडवल आहे. आपल्याकडे कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम वेगळ्या वाटेने चालतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलायचं, उपचार करायचे, गाव शोधून घरी पोचवायचं. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी. तिथे शेवटी वाट बघणारं घर सापडण्याची आशा असते. इथे बऱ्याच जणांनी घरच सोडलेलं असतं, नाहीतर घराने त्यांना.

खरी अडचण वेगळीच आहे. तो माणूस "चला" म्हणाला असता तर त्याला नेलं असतं कुठे? उणे पाचखाली पारा गेला की ऊबदार केंद्रं उघडतात, पण रोज रात्री कितीतरी जणांना "आज जागा नाही" हेच ऐकावं लागतं. हे आकडे महापालिका स्वतःच छापते. पथक माणसाला शांत करू शकतं, खाट कुठून आणणार?

तरीही इथल्या मराठी लोकांना, विशेषतः शिकायला आलेल्या मुलांच्या आईवडिलांना, एक सांगतो. ही सेवा फक्त रस्त्यावरच्यांसाठी नाही. रूममेट चार दिवस खोलीबाहेर आला नाही, जेवत नाही, भलतंसलतं बोलतोय, तरी २११ चालतो. दुभाष्या मागता येतो. महापालिकेच्या सेवा व्हिसाची स्थिती काहीही असली तरी मिळतात, तेव्हा "व्हिसावर शेरा बसेल" म्हणून गप्प राहू नका. मात्र कुणी श्वास घेत नसेल किंवा हातात शस्त्र असेल तर वेळ न घालवता ९११. आणि औषधांच्या दुकानातून नॅलोक्सोनचं किट आणून ठेवा. अफूवर्गीय नशेचा ओव्हरडोस झालेल्याच्या नाकात मारायचा तो फवारा असतो. फुकट मिळतं, आणि कसं वापरायचं ते फार्मासिस्ट काउंटरवरच दाखवतो.