बोरबन रोडची नोंदवही: सेकंदाला सहा सेंटिमीटर

काल रात्री माझ्या मॉडेल रेल्वेच्या गाडीने ६४ सेंटिमीटर अंतर १० सेकंदांत कापलं. एकदाच नाही, सलग अकरा फेऱ्या. मध्ये कुठे थबकली नाही, कुठे बोटाने ढकलावी लागली नाही. बोरबन रोड हे माझं मॉडेल स्टेशन; त्याचं काम सुरू होऊन दोन दिवाळ्या झाल्या. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाडी हळू आणि न अडखळता चालवण्याच्या याच एका गोष्टीत गेला, म्हणून ही नोंदही मुख्यतः तिचीच आहे.

६४ हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो. आमच्या भागातली शकुंतला ही नॅरो गेज गाडी शेवटच्या काळात ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालायची. वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. माझं मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान, म्हणून त्याला ८७ ने भागलं की ६.४ सेंटिमीटर येतात. रुळाशेजारी ६४ सेंटिमीटरवर दोन काड्या रोवल्या, मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं, की दहा सेकंदांचा हिशेब सोपा होतो. कोणतंही मॉडेल बघायला गेलो की आता माझ्या डोक्यात आधी हे गणित सुरू होतं. बहुतेक ठिकाणी मालगाडीसुद्धा खऱ्या हिशेबाने ताशी दीडशेने पळत असते.

मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, असे या मार्गाचे दोन फाटे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत पोचवायला किलिक निक्सन कंपनीने तो बांधला. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हे अंतर आपल्या छंदाला फार सोयीचं आहे. ७६२ ला ८७ ने भागा: ८.७६. एन गेज या आणखी लहान मॉडेलांचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एचओ (१:८७) प्रमाणाची इमारत, माणसं, झाडं ठेवायची आणि खाली एन गेजचा रूळ टाकायचा, की नॅरो गेज जवळजवळ तंतोतंत उतरतो. उलट आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचा. तो १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारातला एचओ रूळ १६.५ चाच. त्यामुळे एचओमध्ये ब्रॉड गेज करणाऱ्याला ही तडजोड कायमची डोळ्यांआड करावी लागते. मला ती नको होती.

अचलपूर फाटा पूर्ण करायचा म्हटलं तर १:८७ मध्येही ८७३ मीटर जागा लागेल, म्हणजे आमच्या घरापासून नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत. माझ्याकडे आहे ती कोठीची खोली, वर टिन. त्यात १.८ मीटरचे दोन पाट जोडून ३.६ मीटरची एक पट्टी केली. सागाच्या पट्ट्यांची चौकट, वर ९ मिलिमीटरचा प्लाय, चारही पायांखाली जळक्या तेलाच्या वाट्या, कारण उधई. खऱ्या मापात ही जागा जेमतेम ३१३ मीटर भरते. म्हणून एकच स्टेशन केलं आणि तेही मनातलं. बोरबन रोड नकाशावर सापडणार नाही, पण बनोसा ते पाथ्रोटच्या मधे कुठेही ते शोभेल.

रूळ पहिल्या डिसेंबरात टाकला. चार नग फ्लेक्सी ट्रॅक (वाकवता येणारा रूळ), प्रत्येकी ९१४ मिलिमीटर. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान असल्यामुळे सोल्डरिंगचा हात बसलेला. त्या उत्साहात सगळे सांधे पक्के डाख देऊन एकसंध केले. वीज अखंड मिळेल एवढाच विचार होता. रात्री खोलीत चौदा-पंधरा अंश थंडी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी खोली उघडली तर स्टेशनच्या पुढे रूळ सापासारखा वळलेला. पिना उपटून तो आठेक मिलिमीटर बाजूला सरकला होता. टिनाखाली पारा ४६ वर. नंतर हिशेब केला. निकल सिल्व्हर दर अंशाला मीटरमागे साधारण १६ ते १७ मायक्रोमीटर वाढतं. साडेतीन मीटरला बत्तीस अंशांचा फरक म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर वाढ. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण रुळाला लांबीत जागा मिळाली नाही की तो आडवा फुगतो, आणि आडवं फुगणं लांबीच्या वाढीच्या कितीतरी पट असतं. खऱ्या रेल्वेत उन्हाळ्यात गँगमन फिरतात ते याचसाठी. विदर्भात टिनाखाली लेआउट बांधणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशी लिहून ठेवावी: थंडीत रूळ टाकत असाल तर प्रत्येक सांध्यात लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट सोडा. डाख फक्त खालून येणाऱ्या तारांना. प्रत्येक नगाला दोन्ही बाजूंनी तार, त्या सगळ्या प्लायखालच्या जाड वायरला. सांध्यातल्या पत्र्यावर विजेचा भरवसा ठेवायचाच नाही. मी सगळं उखडून तसं पुन्हा केलं. त्यानंतरचा अख्खा मे गेला, रूळ जागचा हलला नाही.

विजेचंही इथे वेगळं आहे. लाइन संध्याकाळी हमखास जाते आणि माझी वेळ संध्याकाळचीच. फवारणीच्या पंपाची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची असते आणि हंगाम संपला की ती नुसती पडून राहते. माझ्या इंजिनाची मोटर भारासकट ०.१५ अँपिअर घेते, म्हणजे एका चार्जमध्ये कित्येक संध्याकाळी निघतात. शिवाय बॅटरीची वीज सपाट असते, अॅडॉप्टरची गुरगुर तिच्यात नाही. फक्त एक लक्षात ठेवा: गाडी रुळावरून घसरली की शॉर्ट होतो, आणि ही बॅटरी बारीक तार क्षणात लाल करते. प्लसच्या टोकालाच १ अँपिअरचा काचेचा फ्यूज लावा, मग पुढचं काम.

आता वेग. पहिला कंट्रोलर एलएम३१७ या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या आयसीवर केला होता. नॉब हळूहळू फिरवा, काही होत नाही. आणखी फिरवा, काही होत नाही. मग एकदम गाडी उडी मारून निघते. मोटर थांबलेली असताना जो अडसर असतो तो फिरत्या मोटरपेक्षा जास्त. तो मोडेल एवढा व्होल्टेज दिला की सुटल्यावर तोच व्होल्टेज जास्त होतो. यावर उपाय म्हणजे विजेचे ठोके देणं, म्हणजे ती सतत न देता भराभर चालू-बंद करणं. ५५५ आयसी, १०० किलोओहमचा पॉट, दोन डायोड, ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, पुढे आयआरएफझेड४४ मॉसफेट. एवढ्यात साधारण १४० हर्ट्झचे ठोके मिळतात. प्रत्येक ठोका पूर्ण १२ व्होल्टचा, म्हणून मोटर सुटते; पण ठोका तोकडा, म्हणून ती पळत नाही. इंजिनातून बारीक गुणगुण येते. मला ती आवडते, डिझेल उभं असल्यासारखी वाटते. ज्यांच्या इंजिनात कोअरलेस मोटर आहे त्यांनी मात्र इतका कमी हर्ट्झ देऊ नये, ती मोटर तापते. दिशा बदलायला डीपीडीटी स्विच.

इंजिन म्हणजे काटो कंपनीची एन गेजची लहान चासिस आणि वर सनबोर्डाचा सांगाडा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं झेडडी इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं, ते करायचं मनात होतं. पण त्याच्या बाहेरच्या दांड्या एवढ्या बारीक मापात हलत्या करणं अजून माझ्या आवाक्यात नाही. म्हणून नंतरचं डिझेल घेतलं, झेडडीएम, फोटोंवरून माप काढून. सनबोर्ड हलका असल्यामुळे चाकं रुळावर दाबून बसत नव्हती. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या पाच-पाच ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात. त्यातल्या सहा आत लावल्या आणि फरक त्याच क्षणी दिसला.

तरी सांध्यावर गाडी थांबायची. हा सांधा म्हणजे दोन नगांमधला जोड नव्हे, तर गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा टर्नआउट; तो ओढणाऱ्या माणसाला आमच्याकडे सांधेवालाच म्हणतात. माझ्या सांध्याचा मधला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा होता. जोरात गेलेली गाडी त्या दोन सेंटिमीटरवरून घरंगळत निघून जाते. सहा सेंटिमीटरच्या वेगाने जाणारी, चारच चाकांवर वीज घेणारी गाडी तिथेच मरते. वेगवान गाड्यांना जो दोष कधीच कळत नाही, तो हळू गाडी दाखवून देते. धातूच्या फ्रॉगचे सांधे मागवले. सायकलची जुनी तार प्लायखालून काठापर्यंत ओढली आणि तिच्या टोकाला साधा स्लाइड स्विच बसवला. तार ओढली की सांधाही फिरतो आणि फ्रॉगची वीजही बदलते. हाताने सांधा ओढण्यात जो आनंद आहे तो मोटरने नाही येणार. खऱ्या मार्गावरही हातानेच ओढत.

आणि मग कापूस. नोव्हेंबरात वेचणी सुरू झाली, आणि घरात दुसरी जागा नसल्याने कोठीत लेआउटच्या शेजारी छतापर्यंत कापूस लागला. दोन दिवसांत गाडी अडखळायला लागली. रूळ पुसले, तारा तपासल्या, कंट्रोलर उघडला. तीन रात्री गेल्या. शेवटी इंजिन उलटं करून भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक आसाला कापसाची रेषा गुंडाळलेली, अगदी चातीवर सूत भरावं तशी. चिमटा आणि सुई घेऊन दीड तास बसलो. आता कापूस घरात असेपर्यंत लेआउटवर जुनं धोतर असतं, आणि गाडी चालवून झाली की तीही डब्यात. रूळ पुसायला सँडपेपर कधीच वापरू नका, ओरखड्यांत मळ बसतो. आधी मी मेडिकलमधलं स्पिरिट वापरायचो. काळेपणा दोन दिवसांत परत यायचा. पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेन्टाइन वापरायला लागल्यापासून दोन-दोन आठवडे पुरतं. त्यावर ४बी पेन्सिलीचा एक हलका हात, बस.

देखाव्याचं काम थोडंच झालं, पण जे झालं त्यावर माझा जीव आहे. जमीन आमच्याच वावरातली. काळी माती तव्यावर भाजली, वस्त्रगाळ केली, निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून तिचा थर दिला. पहिला थर जाड झाला आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटला. काळी माती ओली फुगते, वाळली की आकसते. वावरात करते तेच तिने प्लायवर केलं. दुसऱ्या वेळी थर अगदी पातळ दिला, आणि वाळताना त्यावर केसासारख्या भेगा पडल्या. मे महिन्यातलं रान जसं दिसतं, हुबेहूब तसं. बाजारातल्या कोणत्याही पुडीतून हे आलं नसतं.

त्या रानाच्या अलीकडे स्टेशनला लागून पऱ्हाटी उभी करतो आहे. म्हणजे शेजारी मे आणि इकडे नोव्हेंबर, हे मला खुपतं, पण कापसाशिवाय या मार्गाचं स्टेशन मी करूच शकत नाही. भेगांचा भाग पडीक ठेवून मधे कुंपण घालणार. चार फुटांची पऱ्हाटी १:८७ मध्ये चौदा मिलिमीटर. काथ्याचं पायपुसणं उभ्या पट्ट्यांत कापलं, प्रत्येक तास (पिकाची ओळ) चौदा मिलिमीटरवर चिकटवलं, वर हिरवा रंगवलेला भुसा. बोंडांसाठी खरा कापूस लावून पाहिला, पण या मापात तो उशीएवढा दिसतो. टाचणीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा ठिपका हेच बरोबर. चौदा तासांपैकी पाच झाली. एका संध्याकाळी अर्धी ओळ होते, त्याहून जास्त डोळे देत नाहीत.

काल त्या अकरा फेऱ्यांच्या वेळी आई दारात येऊन उभी राहिली. तिचं माहेर पाथ्रोट. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती याच गाडीने जायची-यायची. आधीचे दोन कंट्रोलर तिने पाहिले होते आणि काही बोलली नव्हती. काल चार-पाच फेऱ्या पाहून म्हणाली, "आता बराबर चालू रायली. पयले तं मोटारीवानी पये." मी तिला काड्यांचं, स्टॉपवॉचचं काहीच सांगितलं नव्हतं. मग ती डब्यांकडे वाकली. "गार्ड कुठी हाय रे? टिकीट तं तोच फाडे."

ते खरंच राहिलं होतं. शेवटच्या वर्षांत मार्गावर माणसंच कमी उरली होती, तिकिटं गार्डच द्यायचा. साडेपाच फुटांचा माणूस १:८७ मध्ये एकोणीस मिलिमीटर. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेला पीळ देऊन सांगाडा करायचा, त्यावर एम-सील. आज सकाळी पहिला केला, खांदे फार रुंद झाले. दुसरा आत्ता वाळतो आहे. डाव्या हातात तिकिटांचं पुस्तक, उजवा मोकळा. झेंडी नंतर देईन, रेशमाचा एवढा बारीक तुकडा कापायला धारदार पातं आणायचं आहे.