मोदकपात्र मिळणार नाही

आमच्या घरात मटणाचं पातेलं वेगळं, डाव वेगळा आणि ते ठेवायची फळीसुद्धा वेगळी. त्यामुळे खिम्याचे मोमो घरी करायचे ठरले तेव्हा खल झाला तो मसाल्यावर नाही, भांड्यावर. वाफवायला मोदकपात्राइतकं सोयीचं दुसरं काय? पण काकूने एका वाक्यात निकाल दिला, "त्यात गणपतीचा नैवेद्य होतो." पुढे अपील नाही. मग मटणाच्या पातेल्यातच पाणी, आत एक वाटी पालथी, तिच्यावर भोकांची चाळणी आणि वर घट्ट झाकण. वाफेला काय, तिला दोन्ही भांडी सारखी.

तशी तिबेटी माणसं नाशिकला नवी नाहीत. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधले स्वेटर घालून आमच्याकडची कितीतरी पोरं शाळेत गेली. भावाची घासाघीस भरपूर झाली, पण या लोकांच्या घरी काय शिजतं याची चौकशी कुणी केली नाही. मोमो गावात आले ते पुष्कळ नंतर, कॉलेज रोडच्या गाड्यांवर, पोटात कोबी आणि शेजारी मेयोनीज घेऊन. मेयोनीजबद्दल मी काही बोलत नाही. ज्या गावात मिसळीचा रस्सा वाट्यावाट्यांनी मागून घेतात तिथे हे पांढरं प्रकरण कसं खपतं, मला खरंच कळत नाही.

मोमो मुळात सोवळ्यातला पदार्थ नाही, ही जमेची बाजू. तिबेटात त्यात याकचं मांस, काठमांडूत म्हशीचं, आणि मसालाही जिथला तिथला. मग नाशकात त्याच्या पोटात बोकडाचा खिमा आणि काळा मसाला गेला तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं ते वाफेमुळे. आपला काळा मसाला तेलात जगणारा आहे. कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, दगडफूल, धणे, मिरच्या परतायच्या, आणि एवढं करूनही पातेल्यात तेल सुटेपर्यंत त्याला पुन्हा परतायचं. वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही, तिच्यात मसाला नुसता भिजतो, कच्चा राहतो आणि घशाशी खवखवतो. म्हणून मसाला, आलं आणि लसूण आधी थोड्या तेलात चांगले परतून घ्यायचे, पूर्ण गार करायचे आणि मग कच्च्या खिम्यात कालवायचे. गार करण्यात आळस नको, गरम मसाल्याने चरबी आधीच वितळते. खिमा आधी शिजवून भरायचा सोपा मार्ग आहे, पण त्याची चव समोशाची लागते. चावल्याबरोबर आतून रस यायला हवा असेल तर खिमा कच्चाच भरायला लागतो.

बोकडाचं मटण तसं कोरडं. म्हणून खाटकाला सांगायचं, मांडीचं द्या, वर थोडी चरबी घाला आणि मशीनमधून दोनदा काढा. तो एकदा आपल्याकडे बघतो. चरबी काढून टाका म्हणणारी गिऱ्हाइकं हल्ली जास्त. घरी आणल्यावर त्यात मीठ टाकायचं, हाडांचं गार पाणी चमच्या-चमच्याने घालायचं आणि एकाच दिशेने फेटत राहायचं. मिठाने मांस चिकट होतं आणि ते पाणी धरून ठेवतं. हाताला तार आल्यासारखं लागलं की थांबायचं. वाफेत हेच पाणी रस होतं.

कांद्याचं मात्र उलट, त्याचं पाणी काढून टाकायचं. यात नाशिककराला सल्ला लागू नये. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा पाणीदार, कांदाचाळीत फार दिवस टिकत नाही. उन्हाळ कांदा घट्ट आणि कोरडा, महिनोन्महिने राहतो. सारणाला उन्हाळच घ्यावा. बारीक चिरायचा, मीठ लावायचं आणि फडक्यात पिळायचा. न पिळता घातला तर पारी खालून ओली होते आणि चाळणीवरून उचलताना बूड तिथेच राहतं. लासलगावला भाव पडला की आमच्याकडे सारणात कांद्याचं प्रमाण आपोआप वाढतं, तेव्हा तर फडकं दोनदा पिळायला हवं.

काकू माळकरी. ती खात नाही, शिवत नाही, पण तिचा हात पाऱ्या लाटण्यात असा की तिला बाजूला बसवणं म्हणजे अन्याय. तिने स्वतःच तोड काढली. पाऱ्या लाटून देईन, सारणाकडे बघणार नाही. मग स्वयंपाकघराची फाळणी झाली. ओट्याच्या एका टोकाला काकू आणि मैदा, दुसऱ्या टोकाला आम्ही आणि खिमा, मध्ये पाऱ्यांचं ताट. रिकामं ताट परत तिच्याकडे जाण्याआधी धुऊन, पुसून.

मैदा तिला पटला नाही. उकडीला तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालायचं, कारण ते एरवी एकजीव होत नाही. मैद्याला स्वतःचा चिवटपणा आहे. साध्या पाण्यात घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवला की तो ताणला जातो. "रबर आहे नुसतं," काकू म्हणाली आणि तळहाताएवढी पारी लाटली, मध्ये जाड, कडेला अशी पातळ की खालची ओट्याची फरशी दिसावी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या कळ्या शेवटी एका ठिकाणी येतात, तिथे जाड कड असेल तर पिठाचा गोळा होतो आणि तो कच्चा राहतो, हे ती चतुर्थीचतुर्थीला बघत आली आहे.

फरक पडला तो कळ्यांमध्ये. मोदकाच्या कळ्या आधी चिमटून उभ्या करायच्या आणि मग सगळ्या मिळून वर आणायच्या. मोमोत डाव्या हाताचा अंगठा सारणावर दाबून धरायचा, उजव्या हाताने कड एकेक घडी करत त्याच्याभोवती फिरवायची आणि शेवटच्या घडीला अंगठा हळूच काढून घ्यायचा. पुतणीचा अंगठा आतच राहायचा. काकू लांबून लाटण्याने दाखवत होती, "अगं, तू वळ, पारी नको वळवूस." या सूचनेचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण त्यानंतर पुतणीचे मोमो मिटायला लागले.

चाळणीला चिकटू नये म्हणून खाली पान घालावं म्हणतात. कुणीतरी सुचवलं, द्राक्षाचं घालू, नाशिकची खूण. तुर्की लोक द्राक्षाच्या पानात भात-खिमा भरतात, हे खरं. पण गोडी छाटणीनंतरच्या, म्हणजे द्राक्षं धरायला वेल छाटतात त्यानंतरच्या, फवारण्या ज्याने जवळून पाहिल्यात तो त्या पानाला जीभ लावणार नाही. आम्ही कोबीचं पान घातलं. गाड्यावरच्या मोमोचा तेवढाच मान राखला.

दहा-बारा मिनिटांत पारी चकाकायला लागते आणि बोटाला चिकटत नाही, म्हणजे झालं. आता सोबत काय? लाल चटणी केली होती, पण हाडांचं उरलेलं पाणी समोर होतं आणि परतलेला मसालाही होता. नेपाळात तीळ-टोमॅटोच्या पातळ झोलात मोमो बुडवून खातात. आम्ही काळा रस्सा केला, वर बोटभर तर्री, आणि खोलगट ताटलीत चार-चार मोमो सोडले. चिमटा उघडून आतला रस रश्शात मिसळला आणि पंगत गप्प झाली. चटणी कुणी मागितली नाही. माझं मत विचाराल तर नाशकात मोमो कोरडा वाढूच नये.

काकूने उरलेल्या मैद्यात खोबरं-गूळ भरून आपले पाच-सहा वेगळे वळले आणि ते आपल्या मोदकपात्रात, आपल्या शेगडीवर वाफवले. वर तूप सोडून चवही घेतली. "बरे आहेत, पण मोदक नव्हेत," म्हणाली. पुतणीने त्यातला एक उचलला आणि काकू बघत असताना सरळ काळ्या रश्शात बुडवला.

"अगं!"

"छान लागतंय, आजी," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली आणि दुसरा घ्यायला हात पुढे केला. काकूने ताटली उचलून फळीवर ठेवली. वरच्या, वेगळ्या फळीवर.