बाळंतपणानंतरचं लोह: हिशेब सहा महिन्यांचा असतो

बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन ८ होतं आणि वजन ५० किलो. एवढ्यावरून अंगात किती लोह कमी आहे याचा अंदाज काढता येतो, आणि तो बाळंतिणीच्या घरच्यांना कुणीतरी कागदावर मांडून दाखवायलाच हवा. १५ मधून आपलं हिमोग्लोबिन वजा करायचं, उरेल त्याला वजनाने आणि मग २.४ ने गुणायचं. माझे आले ८४०. शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे ५०० त्यात मिळवले की १,३४० मिलिग्रॅम. सरकारी लाल गोळीत लोह असतं ६० मिलिग्रॅम, पण रक्तात उतरतं त्यातलं साधारण दहा-पंधरा टक्के, म्हणजे दिवसाला ६ ते ९. भागाकार करा, पाच-सात महिने येतात. सव्वा महिना झाला तरी थकवा का जात नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. त्यात त्या बाईचा आळस नसतो.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमात बाळंतिणीला रोज एक गोळी १८० दिवस सांगितली आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. मात्र गोळ्या दुप्पट केल्या म्हणून शोषण दुप्पट होत नाही. गोळी पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि पुढचे चोवीस तास आतडं लोह कमी घेतं. त्रास फार होत असेल तर काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात, त्यामागचं कारण हेच.

खरी गडबड वेळेची होते. डिस्चार्जच्या वेळी लोह आणि कॅल्शियम दोन्ही लिहून मिळतात आणि घरात दोन्ही गोळ्या दुधाबरोबर दिल्या जातात. कॅल्शियम, दूध, चहा, कॉफी, सगळेच लोह अडवतात. मी लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभराने, आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मळमळलं तर रात्री झोपताना घ्यावी. थोडं कमी शोषलं जातं, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. बद्धकोष्ठता मात्र टाके असताना सोसत बसू नये. पाणी वाढवावं, भिजवलेल्या मनुका खाव्यात, आणि डॉक्टरांकडून मल मऊ करणारं औषध मागून घ्यावं.

अळिवात लोह चांगलं आहे. पण ते वनस्पतीतलं, त्यामुळे कमी उतरतं. म्हणून दुधातल्या खिरीपेक्षा मला लाडू पटतात: अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, फुगून बुळबुळीत झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतायचे. सोबत आवळा किंवा पेरू. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी. लाडू गोळीच्या जोडीला असावेत, गोळीऐवजी नाही.

महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढायला हवं. १२ झालं की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच बिघडतं: रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. त्यानंतर निदान तीन महिने गोळी चालू ठेवावी आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, तपासावं. फेरिटिन बाळंतपणानंतर लगेच करू नये; सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर आकडा खोटाच चांगला दिसतो.

गोळी सोसत नसेल किंवा हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम, म्हणून फेऱ्या जास्त. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १,००० पर्यंत, पण महाग. सलाइन चालू असताना सुईपाशी चुरचुरलं तर तिथल्या तिथे नर्सला सांगावं. औषध त्वचेखाली झिरपलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही.

गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकत्व अनेकदा इथेच कळतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या बाईने त्याची तपासणी आधीच करावी. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर गोळीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि गोळ्यांची पाकिटं वरच्या फळीवर, कुलपात. लहान मुलाने या लाल गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं, आणि तुमचा कोर्स संपायच्या सुमारास बाळ रांगायला लागलेलं असतं.