सगळी अक्षरं वाचली, तरी पडदा तपासा

बार्शीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढून देणं हे रोजचं काम. समोरच्या माणसाला पहिली लेन्स लावायच्या आधी मी विचारते, "शुगर आहे का?" बरेच जण चमकतात. चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न कशाला, असं चेहऱ्यावर दिसतं.

एक कारण साधं आहे. रक्तातली साखर फार वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. ज्यांची शुगर नुकतीच निघाली आहे त्यांना मी सांगते, साखर ताब्यात येऊ द्या, महिना-दीड महिन्याने या. आज काढलेला नंबर तेव्हा जुळायचा नाही आणि चष्म्याचे पैसे पाण्यात जातील.

दुसरं कारण मोठं आहे. दिवाळीच्या आधी, शिलाईच्या गर्दीच्या दिवसांत, एक टेलरमामा आले. "ताई, सुईत दोरा जाईना. नंबर वाढलाय बहुतेक." शुगर बारा-तेरा वर्षांची. उजव्या डोळ्याने त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. डावा डोळा मात्र चौथ्या ओळीवर अडला. भिंगं बदलून बदलून पाहिली, ओळ पुढे सरकेना. मग पिनहोल लावलं. काळी चकती असते, मध्ये बारीक भोक. दोष नुसता नंबरचा असेल तर त्या भोकातून अक्षरं स्पष्ट व्हायला लागतात. मामांना काहीच फरक पडला नाही. असं झालं की बहुधा मोतीबिंदू असतो किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, काहीतरी. मी चष्मा केला नाही, सोलापूरच्या पडद्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध सूज निघाली. पण मला हादरवलं ते उजव्या डोळ्याच्या रिपोर्टने. शेवटची ओळ वाचणाऱ्या त्या डोळ्यातही नाजूक, नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं आणि एका रात्रीत दिसेनासं होऊ शकतं.

मधुमेहाने पडद्याला होणारा हा आजार, डायबेटिक रेटिनोपॅथी, असाच आहे. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्याच्या केसासारख्या रक्तवाहिन्या कमजोर होतात, झिरपतात, मग बंद पडत जातात. रक्त पुरेना झालं की डोळा नव्या वाहिन्या तयार करतो, आणि त्या कच्च्या असतात. मधला भाग शाबूत असेपर्यंत दुखत नाही, खुपत नाही, अंधुकही दिसत नाही. काळे ठिपके, जाळं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसायला लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

किती जणांना होतं हे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. २०२२ च्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. ४ टक्क्यांचा आजार नजर जाण्याच्या पायरीवर पोचलेला होता. शंभरात चार हा आकडा लहान वाटतो, पण इतक्या कोटींत तो लाखोंच्या घरात जातो. आणि यातल्या बहुतेकांची नजर वेळेत गेलं तर वाचवता येते, म्हणून मला या आकड्याचा राग येतो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर शुगर आहे हे माहीत असलेल्या दहांपैकी नऊ जणांनी कधी पडदा तपासून घेतलाच नव्हता.

मामांच्या उजव्या डोळ्याला डॉक्टरांनी लेसर सांगितलं, पण ते तयार नव्हते. "मेव्हण्याचं लेसर झालं आणि त्याचा डोळाच गेला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मेव्हणे बहुधा फार उशिरा गेले असणार. लेसर गेलेली नजर सहसा परत आणत नाही, आहे ती राखतो. १९७० च्या दशकातच अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं होतं की पुढे गेलेल्या आजारात लेसरने नजर जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. मी मामींना दुकानात बोलावलं आणि दोघांना समोर बसवून हेच समजावलं. उजव्या डोळ्याचं लेसर झालं. डाव्यात सुजेसाठी इंजेक्शनं चालू आहेत, दोन ओळी पुढे वाचतात आता.

शुगर निघाली की लगेच पडदा दाखवा आणि मग वर्षातून एकदा, डोळे कितीही चांगले वाटले तरी. बीपी असेल तर तेही ताब्यात हवं, त्याचाही पडद्यावर मारा होतो. तपासताना बाहुली मोठी करायला ड्रॉप घालतात. त्यानंतर चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सोसत नाही, तेव्हा गॉगल ठेवा, सोबत कोणीतरी न्या आणि येताना मोटारसायकल त्यांनाच चालवू द्या.